पाव कापून पाहा!

रविवारी रात्री जेवणे आटोपली की आमच्या घरात एक ठरलेले दृश्य दिसते. माझी नववीतली मुलगी दूरचित्रवाणी संचासमोर मांडी घालून बसते, तिची आजी खुर्ची ओढून घेते, आणि विलायतेतल्या एका तंबूत दहा-बारा माणसे पिठाशी झटापट करीत असलेली आम्ही सारे एकाग्रतेने पाहतो. ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ ही ती पाव, केक, बिस्किटे भाजण्याची स्पर्धा. २०१० मध्ये ती ब्रिटनमध्ये बीबीसीवर सुरू झाली आणि २०१७ पासून तिथल्या चॅनल फोरवर गेली. भाग घेणारे सगळे हौशी. कोणी शिपाई, कोणी परिचारिका, कोणी विद्यार्थी. माझ्या आईला त्यांचे इंग्रजी फारसे कळत नाही. तरी पडद्यावरच्या मळलेल्या गोळ्याकडे पाहून ती परीक्षकांच्या आधी निकाल देते : “त्याचं पीठ अजून आलं नाही रे!” आणि बहुतेक वेळा तिचे खरे ठरते. जन्मभर इडलीचे पीठ, विरजण आणि अनारसे सांभाळलेल्या बाईला पीठ ‘आले’ की नाही हे कळायला भाषा लागत नाही.

तुम्ही म्हणाल, पदार्थविज्ञान शिकवणारा हा मास्तर विज्ञानाच्या मासिकात पाव-केकांच्या गोष्टी कशाला सांगत बसला आहे? सांगतो. त्या स्पर्धेत एक गोष्ट अशी घडते, जी आपल्या प्रयोगशाळांतून जवळजवळ नाहीशी झाली आहे, आणि ती पाहून मला दर आठवड्याला थोडी लाज वाटते.

ती गोष्ट म्हणजे पाव कापणे. पाव वरून कितीही सोनेरी, गुबगुबीत दिसो. परीक्षक सुरी घेऊन तो मधोमध कापतात, दोन्ही अर्धे उघडे करतात आणि आतला गाभा बोटाने दाबून पाहतात. जाळी सारखी पडली आहे का, तळाशी गच्च थर राहिला आहे का, कडेला मोठे भगदाड आहे का, हे सगळ्यांसमोर पाहिले जाते. आणि लगेच कारणाची चर्चा होते. पीठ पुरेसे आंबले नव्हते, की जास्त आंबले? मळणे कमी पडले, की भट्टी थंड होती? एका फेरीत तर सर्वांना एकच पदार्थ करायला देतात, कृतीतल्या अर्ध्या सूचना मुद्दाम गाळलेल्या असतात, आणि तयार पदार्थ कोणाचा आहे हे परीक्षकांना ठाऊक नसते. औषधांची परीक्षा घेताना शास्त्रज्ञ हीच काळजी घेतात, की कोणाला खरे औषध दिले आणि कोणाला नुसती साखरेची गोळी, हे तपासणाऱ्याला कळू नये. करमणुकीच्या कार्यक्रमात ही काळजी घेतली जाते याचे मला कौतुक वाटते.

आता आपल्या प्रयोगशाळेत या. साध्या लंबकाने गुरुत्वत्वरण काढण्याचा प्रयोग तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल, बाकीच्यांना पुढे करायचा आहे. दरवर्षी माझ्यासमोर प्रयोगवह्यांचा ढीग येतो. त्यात ‘जी’चे मूल्य कोणाचे ९८०, कोणाचे ९८१, कोणाचे ९८०.५ सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग. सगळे कसे छान! पण गंमत अशी की, ९८०.६ हे ४५ अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीला मिळणारे मूल्य आहे. आपले नाशिक २० अंशांवर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. इथले खरे मूल्य सुमारे ९७८.५ येते. हातातले घड्याळ आणि मीटरपट्टी वापरून एवढा सूक्ष्म फरक पकडता येत नाही हे खरे. पण प्रामाणिक वाचने खऱ्या मूल्याच्या दोन्ही बाजूंना विखुरलेली असायला हवीत; कोणाचे ९६५ यावे, कोणाचे ९९२. चाळीस वह्यांतली चाळीस उत्तरे पुस्तकातल्या आकड्याभोवती दाटीवाटीने बसलेली असतील, तर ती नाशिकच्या जमिनीने दिलेली नाहीत, पुस्तकाने दिलेली आहेत. उत्तर आधी आणि वाचने मागाहून!

मी स्वतः विद्यार्थी असताना हेच केले आहे. त्यामुळे मुलांना दोष देण्याचा मला फारसा अधिकार नाही. पण याहून वाईट गोष्ट मी शिक्षक झाल्यावर केली, ती सांगतो. काही वर्षांपूर्वी अकरावीतला एक मुलगा वही घेऊन माझ्याकडे आला. त्याचे उत्तर ९१६ आले होते. “सर, तीनदा मोजलं, तेवढंच येतंय. काय लिहू?” परीक्षा चार दिवसांवर आली होती, बाहेर दुसरी तुकडी उभी होती. मी म्हणालो, “बघ जरा, जमवून घे.” त्याने जमवून घेतले. त्याला पूर्ण गुण मिळाले.

घरी आल्यावर ते ९१६ डोक्यातून जाईना. रात्री कागद घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. त्याने लंबकाची लांबी म्हणून नुसता दोरा मोजला होता, ४० सेंटिमीटर. दोऱ्याच्या टोकाचा हूक आणि गोळ्याची त्रिज्या मिळून आणखी साधारण २.७ सेंटिमीटर होतात. लांबी नेहमी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. ४० ला ४२.७ ने भागून ९७८.५ ने गुणा. ९१६ च्या अगदी जवळ येते! म्हणजे त्या मुलाचे मोजमाप उत्तम होते. त्याची चूकसुद्धा नीटनेटकी होती. त्याला तीन-चार वेगवेगळ्या लांब्या घ्यायला लावून, दोऱ्याची लांबी आणि आवर्तकालाचा वर्ग यांचा आलेख काढायला सांगितला असता, तर रेषा आरंभबिंदूतून गेलीच नसती. ती बरोबर २.७ सेंटिमीटरने चुकली असती आणि हूक व गोळा विसरल्याचे तिनेच सांगितले असते. शिवाय रेषेच्या चढावरून ‘जी’ बरोबरच निघाला असता. इतका सुंदर धडा हातात आला होता आणि मी तो खोडरबराने पुसायला लावला. पाव कापायच्या ऐवजी मी त्याला वरून तूप लावायला सांगितले.

म्हणून मुलीने “बाबा, आपण पण पाव करू या का?” असे विचारले, तेव्हा मी एका अटीवर हो म्हणालो. प्रत्येक पावाला क्रमांक द्यायचा, प्रत्येक पाव कापायचा, आणि वहीत काही खोडायचे नाही.

पहिला पाव डिसेंबरात झाला. झाला म्हणायचे इतकेच! तो टेबलावर ठेवला तेव्हा ‘ठक्’ असा आवाज आला. कापला तर आत जाळीचा पत्ता नाही, सगळा गच्च, ओलसर गाभा. इंग्रजी कृतीत लिहिले होते : ‘उबदार जागी एक तास झाकून ठेवावे.’ आम्ही तंतोतंत एक तास ठेवले होते. चूक कुठे झाली? मुलीने प्रयोगशाळेतला जुना तापमापी ओट्यावर टांगला आणि उत्तर मिळाले. आमच्या स्वयंपाकघरात सकाळी १७ अंश सेल्सिअस होते. इंग्लंड थंड देश खरा, पण तिथली घरे आतून तापवलेली असतात. हिवाळ्यात नाशिकचे स्वयंपाकघर त्यांच्यापेक्षा गार असू शकते. आपल्या शेजारच्या निफाडचा पारा तर थंडीत राज्यात सर्वांत खाली गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचताच. यीस्ट ही सजीव बुरशी आहे. साधारण ३५ अंशांपर्यंत दर दहा अंशांनी तिच्या कामाचा वेग दुपटीच्या आसपास वाढतो. कृतीतला ‘एक तास’ २७ अंशांचा होता. १७ अंशांवर दोन तास किंवा त्याहून जास्त लागणार. आई म्हणाली, “अरे, थंडीत विरजण आपण रजईत गुंडाळतो. याला नको का गुंडाळायला?” तिला हे विचारण्याचे आम्हा दोघांनाही सुचले नव्हते.

रजईचा मार्ग चांगलाच, पण पीठ मुळातच थंड असेल तर रजई त्याला थंडच ठेवते! रजई उष्णता निर्माण करीत नाही, फक्त अडवते. म्हणून दुसऱ्या पावाला आम्ही तुमच्या पुस्तकातली मिश्रणाची पद्धत लावली. ५०० ग्रॅम पीठ १७ अंशांवर आहे, ३२५ ग्रॅम पाणी घालायचे आहे, आणि गोळा २७ अंशांचा हवा आहे. तर पाणी किती गरम घ्यावे? पिठाचा विशिष्ट उष्मा सुमारे ०.४ धरा. पिठाला १० अंश वर चढायला ५०० × ०.४ × १० म्हणजे २००० कॅलरी हव्यात. त्या ३२५ ग्रॅम पाण्याने द्यायच्या, म्हणजे पाणी सुमारे ६ अंश उतरणार. तेव्हा पाणी ३३ अंशांचे हवे. आम्ही घेतले, आणि गोळा भरला २५ अंश! दोन अंश कुठे गेले? मुलगी बराच वेळ हिशेब तपासत होती. मग तिने परातीला हात लावला. परात गार होती; तिनेही आपला वाटा उचलला होता. उष्मामापीच्या गणितात ‘भांड्याने घेतलेली उष्णता’ असे पद असते, ते आपण निमूटपणे लिहितो. तिला ते त्या दिवशी हाताला लागले. पुढच्या वेळी ३६ अंशांचे पाणी घेतले आणि गोळा २७ वर आला.

आता पिठाकडे वळू, कारण इथे आपले नाशिककर फार सुदैवी आहेत. उन्हाळ्यात तुमच्या घरी किंवा शेजारी कुरडया होत असतील. गहू तीन दिवस भिजवतात, वाटतात, पिळून चीक काढतात आणि चोथा बाजूला टाकतात. लहानपणी तो चोथा ओढून ताणण्याचा खेळ तुम्ही खेळला असाल. तो रबरासारखा का ताणला जातो? कारण चिकात जातो तो मुख्यतः स्टार्च, आणि मागे कोंड्याबरोबर राहते ते ग्लुटेन नावाचे प्रथिन. हाच प्रयोग सहज करता येतो. कणकेची लहान गोळी अर्धा तास पाण्यात ठेवा आणि मग पाण्यात हळूहळू चोळून धुवा. पाणी दुधासारखे पांढरे होत जाईल आणि शेवटी हातात एक चिवट, राखाडी धागेदार गोळा उरेल. बोलोन्या येथील बेकारी या इटालियन शास्त्रज्ञाने ग्लुटेन असे वेगळे केल्याचा वृत्तांत १७४५ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या आज्या मात्र दर उन्हाळ्यात ते वेगळे करून टाकून देत आल्या आहेत!

यीस्टने तयार केलेला कार्बन डाय-ऑक्साइड वायू धरून ठेवतात ते याच ग्लुटेनचे पडदे. कणीक तिंबल्यावर ती मऊ आणि लवचीक होते, कारण या प्रथिनांचे धागे एकमेकांत गुंततात. बाजरी आणि ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून भाकरी थापावी लागते आणि तिचा पाव फुगत नाही. पण सगळ्या गव्हांचे ग्लुटेन सारखे नसते. आमचा पाचवा पाव बन्सी गव्हाच्या पिठाचा होता. तो बुटका राहिला. बन्सी हा ड्युरम जातीचा गहू. त्याचे ग्लुटेन कडक असते पण पुरेसे ताणले जात नाही. त्याचा रवा आणि शेवया उत्तम होतात, पाव नाही. निफाडला राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू संशोधनाचे केंद्र आहे. तिथे तयार झालेल्या वाणांची नावे ऐका : त्र्यंबक, तपोवन, गोदावरी. सगळी आपल्या घरची नावे! त्यांतले त्र्यंबक आणि तपोवन हे सरबती म्हणजे पावाच्या जातीचे गहू आणि गोदावरी ड्युरम. आणि दुकानात आपण ‘लोकवन’ म्हणून जो गहू मागतो, त्याचे मूळ नाव ‘लोक-१’. गुजरातेतील सणोसरा येथील लोकभारती संस्थेत ते वाण निपजले आणि इंग्रजीतला ‘वन’ आपण मराठी करून टाकला. आमचा सातवा पाव लोकवनच्या, गिरणीतून दळून आणलेल्या पिठाचा होता. त्याला पाणी जास्त लागले. गिरणीच्या दगडांत स्टार्चचे कण भरडले जातात आणि असे कण पाणी अधिक शोषतात. कोंड्याचे अणकुचीदार तुकडे वायूचे फुगे फोडतात, म्हणून पाव मैद्याच्या पावाइतका उंच होत नाही. पण चवीला तो मैद्याच्या पावाला भारी पडतो, असे माझे मत आहे. मुलीचे नाही.

पाव भट्टीत गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत एकदम वर उसळतो. स्पर्धेतले सगळे लोक त्या वेळी भट्टीच्या काचेसमोर उकिडवे बसून पाहत राहतात, तुम्हीही बसाल. का उसळतो? विद्यार्थी लगेच म्हणतात, चार्ल्सचा नियम. ठीक, करून पाहू. ३० अंश म्हणजे ३०३ केल्व्हिन, ६० अंश म्हणजे ३३३ केल्व्हिन. गुणोत्तर १.१. म्हणजे वायू फक्त दहा टक्क्यांनी फुगला. पाव तर त्याहून कितीतरी जास्त वाढतो. मग बाकीचे कुठून आले? फुग्यांच्या आतल्या भिंती ओल्या आहेत, हे आपण विसरलो. ३० अंशांवर पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे ३२ मिलिमीटर पारा असतो, ६० अंशांवर तो १४९ होतो. नाशिकला हवेचा दाब साधारण ७१० मिलिमीटर. म्हणजे फुग्यातल्या कोरड्या वायूच्या वाट्याला आधी ६७८ मिलिमीटर दाब होता, नंतर ५६१ च राहिला. ६७८ भागिले ५६१, गुणिले १.१ करा. वाढ दहा टक्क्यांवरून जवळजवळ तेहतीस टक्क्यांवर गेली! शिवाय पिठातल्या पाण्यात विरघळलेला कार्बन डाय-ऑक्साइड गरम होताच बाहेर पडतो, यीस्टने केलेल्या मद्यार्काची वाफ होते, आणि यीस्ट स्वतःही मरण्यापूर्वी थोडा वेळ जोराने काम करते. ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान ती मरते. पुढे स्टार्च शिजून घट्ट होतो, ग्लुटेन कडक होते आणि पावाचा आकार कायम होतो. गाभ्यात पाणी असल्यामुळे आतले तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर जात नाही. नाशिकला तो ९८ अंशांच्या आसपास आहे. वरचे कवच मात्र कोरडे पडून १४० अंशांच्या पुढे जाते आणि तांबूस होते. त्या रंगाची आणि खमंग वासाची रासायनिक क्रिया फ्रेंच वैद्य लुई कामीय माय्यार याने १९१२ मध्ये वर्णिली.

किण्वनाचा इतिहास लांबलचक आहे. लेव्हेनहूकने १६८० मध्ये सूक्ष्मदर्शकातून यीस्टचे कण पाहिले. पाश्चरने १८५७ पासून पुढच्या काही वर्षांत किण्वन हे सजीवांचे काम असल्याचे दाखवले. आणि १८९७ मध्ये बुख्नरने पेशी चिरडून, नुसत्या रसानेच किण्वन घडवले. बुख्नरचे हे काम म्हणजे पाश्चरचा पाव कापून पाहणेच होते. त्याला १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

इतके कौतुक केल्यावर या स्पर्धांबद्दलची माझी तक्रारही सांगतो. ती आहे घड्याळाबद्दल. ठरलेल्या तासांत पाव झालाच पाहिजे, शेवटची मिनिटे मोठ्याने मोजायची, आणि ज्याचा वाईट झाला त्यातल्या एकाने आठवड्याच्या शेवटी घरी जायचे! कारण कळते, पण ते वापरायला दुसरा पाव मिळत नाही. आमचा अकरावा पाव मे महिन्यात झाला. स्वयंपाकघर ३४ अंशांवर होते आणि आम्ही हिवाळ्याची सवय ठेवून पीठ दोन तास झाकून ठेवले. ते टोपलीभर फुगले आणि भट्टीत ठेवताना धक्का लागताच फस्सकन बसले. स्पर्धेत असतो तर आम्ही बाहेर गेलो असतो. घरी असल्यामुळे बारावा पाव केला, थोडे यीस्ट घालून, पीठ रात्रभर शीतकपाटात ठेवून. तो आतापर्यंतचा सर्वांत चवदार निघाला. यीस्ट थंडीत सावकाश काम करते आणि तेवढ्या अवधीत चव देणारे इतर पदार्थ तयार होतात. पावाच्या कारखान्यांनाही घड्याळाचीच घाई असते. इंग्लंडमधील चोर्लीवुड येथे १९६१ मध्ये पीठ यंत्राने अतिशय जोरात, काही मिनिटांत मळून आंबवण्याचा वेळ वाचवण्याची पद्धत निघाली आणि ती जगभर पसरली. आपल्याकडे पिठाला झटपट ताकद यावी म्हणून वापरले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट कर्करोगाच्या संशयामुळे २०१६ मध्ये बंद करावे लागले. घाईची किंमत कुठेतरी मोजावी लागतेच, आणि पडद्यावर पाहताना ती दिसत नाही.

काहीजण म्हणतील, “सर, आमच्याकडे भट्टी नाही.” आमच्याकडेही पहिले चार पाव जुन्या कुकरमध्ये झाले. तळाशी दोन बोटे मीठ, त्यावर तिवई, त्यावर डबा. मात्र कुकरची शिट्टी आणि रबरी कडे काढून ठेवलेच पाहिजे, पाणी घालायचे नाही, आणि घरातल्या मोठ्या माणसाशिवाय हे करायचे नाही. मीठ हे उष्णता साठवण्याचे काम करते. कवच फारसे तांबूस होत नाही, पण कापून पाहायला तो पाव पुरतो.

आणखी काहीजण म्हणतील, पाव हा आपला पदार्थच नाही. शब्द पोर्तुगीजांचा आहे हे खरे. पोर्तुगीज भाषेतल्या ‘पांव’वरूनच तो आला. गोव्यातले पोदेर यीस्ट मिळत नव्हती तेव्हा माडाच्या सुरेने पीठ आंबवीत. आणि एके काळी पाव खाल्ला म्हणून माणूस बाटला असे आपल्याकडे मानत. १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. जातिभेद मानत नाही याची ती परीक्षा होती. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग त्या सभेच्या प्रवर्तकांपैकी एक. हे सारे गुप्तपणे करावे लागे. आज नाशिकात रविवारी सकाळी मिसळीबरोबर आपण जी लादी मोडतो, तिच्यामागे एवढे आहे.

आता दोन शब्द शिक्षक बंधुभगिनींसाठी. २०१० च्या ‘मास्टरशेफ इंडिया’च्या पहिल्या पर्वात जिंकलेल्या पंकज भदौरिया या लखनौच्या एका शाळेत शिक्षिका होत्या, तेव्हा या कार्यक्रमांना नाके मुरडण्याचे आपल्याला कारण नाही. माझी सूचना अगदी लहान आहे. गेल्या जूनपासून मी प्रयोगवहीत एक रकाना वाढवला आहे : ‘उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळे का आले?’ दहापैकी तीन गुण त्या रकान्याला. उत्तर ९८१ लिहून रकाना कोरा सोडणाऱ्याला ते तीन गुण मिळत नाहीत. पहिल्या महिन्यात मुलांनी ‘मानवी चूक’ एवढेच लिहून दिले. मी वह्या परत केल्या. मानवी म्हणजे कोणाची, कोणत्या बाजूला, किती सेंटिमीटर? ऑगस्टमध्ये एका मुलीची वही आली. उत्तर १०२२. तिने लिहिले होते की, वीस आंदोलने मोजताना तिने सुरुवातीलाच ‘शून्य’ऐवजी ‘एक’ म्हटले होते, त्यामुळे प्रत्यक्षात एकोणीसच झाली असावीत. मी गणित केले. तसे असते तर उत्तर १०८४ च्या आसपास यायला हवे होते. तिचे कारण अर्धेच बरोबर होते. तीनपैकी दोन गुण दिले आणि तिला पुन्हा लंबकापाशी पाठवले. सहकाऱ्यांपैकी काहींना हे पसंत नाही. परीक्षेत बाहेरचे परीक्षक ९८१ च पाहणार, मग मुलांचे नुकसान कशाला, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे मला म्हणता येत नाही, कारण चार दिवसांवर परीक्षा आल्यावर मीसुद्धा तेच म्हणालो होतो. पण रकाना मी ठेवला आहे.

घरच्या वहीत सध्या तेविसावा पाव चालू आहे. उंची ९ सेंटिमीटर, जाळी चांगली, पण तळाशी बोटभर थर अजून गच्च राहतो, आणि तो सलग तीन पावांत राहिला आहे. आई म्हणते, मीठ जास्त पडते. मुलगी म्हणते, भट्टीचा तळ पुरेसा तापत नाही. मला वाटते, आम्ही तो गरम असतानाच कापतो आणि वाफ आत जिरते. पुढच्या रविवारी लोखंडी तवा अर्धा तास आधी भट्टीत तापत ठेवायचा, मीठ तेवढेच घालायचे, आणि पाव दोन तास निवल्यावरच कापायचा असे मी सुचवले. मुलीने ते मान्य केले नाही. तिचे म्हणणे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाहीतर कशामुळे काय झाले ते कळणार कसे? म्हणून या रविवारी फक्त तवा.